अपुरा माग आणि चुकीचा आरोपी

महासंगणकाचे लोकार्पण ही राष्ट्रीय बातमी असते. 26 सप्टेंबर 2024 रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. त्याच दिवशी हवामान-संशोधनासाठी उभारलेल्या पुण्यातील ‘अर्का’ आणि नोएडातील ‘अरुणिका’ या यंत्रणांचेही उद्घाटन झाले, आणि सुमारे 130 कोटी व 850 कोटी रुपयांचे आकडे सर्वत्र छापून आले. 26 मे 2025 रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली, तेव्हा अंदाजाची जाळी 12 किलोमीटरवरून 6 किलोमीटरवर आल्याचे आपण अभिमानाने वाचले. या बातम्यांचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु एक प्रश्न त्यांत कधीच येत नाही. असे यंत्र एखाद्या रात्री मध्येच कोसळले, तर ते का कोसळले हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवते? आणि तो आधारच अपुरा असेल, तर काय?

आजचे हे टिपण त्या अपुऱ्या आधाराविषयी आहे. विषय तांत्रिक आहे, पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तो समजून घ्यावा असे मला वाटते. कारण त्याच्या मुळाशी पुराव्याचा प्रश्न आहे.

नोव्हेंबर 2017 पासून जगातील पहिल्या 500 महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. स्मृती कोणाला किती द्यायची, प्रोसेसर कोणी कधी वापरायचा, डिस्क आणि नेटवर्क यांच्याशी कसे बोलायचे, हे सारे तो ठरवतो. एखादा साधा प्रोग्राम चुकला तर कर्नल त्याला थांबवतो आणि बाकीचे काम सुरू राहते. खुद्द कर्नल चुकला तर त्याला थांबवणारे वर कोणी नसते. आणखी हानी होऊ नये म्हणून तो स्वतःच थांबतो. यालाच ‘कर्नल पॅनिक’ म्हणतात. शेकडो संगणकांवर वाटून चाललेली गणना त्यांपैकी एक संगणक असा थांबला तरी सहसा पूर्ण बंद पडते, आणि मागच्या जतन केलेल्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करावी लागते.

अशा वेळी पुरावा जतन कसा करायचा, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. कोसळलेल्या कर्नलनेच स्वतःची जबानी डिस्कवर लिहावी, असे म्हणावे तर डिस्कचा चालक-प्रोग्रामच दोषी असू शकतो. यावरचा उपाय 2005 साली ओटावा येथील लिनक्स परिषदेत विवेक गोयल, एरिक बीडरमन आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ यांनी शोधनिबंधाच्या रूपाने मांडला. आयबीएममधील भारतीय अभियंत्यांचा त्यात मोठा वाटा होता. त्याचे नाव ‘केडम्प’. संगणक सुरू होतानाच स्मृतीचा एक लहान भाग राखून ठेवायचा आणि त्यात दुसरा छोटा कर्नल तयार ठेवायचा. पहिला कर्नल कोसळला की प्रोसेसरने थेट या दुसऱ्या कर्नलमध्ये उडी घ्यायची. पहिल्याची सारी स्मृती जशी होती तशी शाबूत राहते, आणि दुसरा कर्नल ती फाइलप्रमाणे वाचून सुरक्षित जागी लिहून ठेवतो. ऑगस्ट 2005 मधील लिनक्सच्या 2.6.13 या आवृत्तीपासून ही सोय मूळ कर्नलचा भाग आहे.

हे स्मृतिचित्र पुढे ‘क्रॅश’ नावाच्या साधनाने उघडले जाते. रेड हॅटमधील डेव्हिड अँडरसन यांनी ते अनेक वर्षे सांभाळले आणि वाढवले. शवविच्छेदनगृहात जे स्थान शल्यशस्त्रांचे, तेच येथे या साधनाचे. ते उघडल्यावर बहुतेक जण पहिली आज्ञा देतात ती ‘बीटी’, म्हणजे बॅकट्रेस. कोसळण्याच्या क्षणी प्रोसेसर कोणत्या फंक्शनमध्ये होता, तेथे त्याला कोणी पाठवले होते, आणि त्या पाठवणाऱ्याला कोणी, असा उलटा माग ही आज्ञा दाखवते.

हा माग कोठून येतो? स्टॅक म्हणजे चळत. एका फंक्शनने दुसऱ्याला हाक मारली की काम संपल्यावर कोठे परतायचे तो पत्ता चळतीवर ठेवला जातो. दुसऱ्याने तिसऱ्याला हाक मारली की आणखी एक पत्ता वर चढतो. एखादा प्रोग्राम ‘ही फाइल वाच’ असे म्हणतो तेव्हा ती विनंती कर्नलच्या दारातून फाइलप्रणालीकडे, तेथून स्मृतिव्यवस्थेकडे आणि शेवटी डिस्कच्या चालक-प्रोग्रामकडे जाते. प्रत्येक पायरीवर परतीचा एक पत्ता मागे राहतो. 64 बिटांच्या इंटेल-घराण्याच्या प्रोसेसरवर कर्नलमध्ये प्रत्येक कामाला सामान्यतः अवघी 16 किलोबाइटची चळत मिळते. त्या एवढ्याशा जागेत परतीच्या पत्त्यांबरोबर स्थानिक चल आणि जुन्या, संपलेल्या हाकांचे अवशेषही पडलेले असतात. त्यांतून खरे पत्ते वेगळे काढणे हेच माग काढण्याचे काम.

आता अडचणी पाहू. पूर्वी प्रत्येक फंक्शन आपल्या चौकटीचा पत्ता एका ठरावीक रजिस्टरमध्ये ठेवत असे. त्यामुळे चौकटींची साखळी सरळ वाचता येई. पण त्यासाठी प्रत्येक फंक्शनच्या आरंभी आणि अंती जास्तीच्या सूचना लागतात, आणि काही कामांत त्याने कर्नलचा वेग 5 ते 10 टक्क्यांनी कमी झाल्याची मोजणी कर्नलच्या दस्तऐवजांतच नोंदलेली आहे. म्हणून 2017 च्या 4.14 या आवृत्तीत जॉश पॉइमबोव्ह यांची ‘ओर्क’ पद्धत आली. तीत कोणत्या सूचनेपाशी चळतीची स्थिती काय असते याचे तक्ते कर्नल बांधतानाच तयार होतात. वेग परत मिळाला. किंमत म्हणून सुमारे 2 ते 4 मेगाबाइट स्मृती द्यावी लागली. परंतु स्मृतिचित्र वाचणाऱ्या साधनाला हे तक्ते वाचता येत नसतील, तर जुनी साखळीही नाही आणि नवा तक्ताही नाही, अशी त्याची अवस्था होते.

दुसरी अडचण एकाहून अधिक चळतींची. हार्डवेअरकडून व्यत्यय आला, किंवा गंभीर दोष उद्भवला, की प्रोसेसर वेगळ्या चळतीवर जातो. माग काढणाऱ्याला या चळतीवरून मूळ चळतीवर जाणारा दुवा सापडला नाही, तर माग तेथेच थांबतो. तिसरी अडचण कंपायलरची. तो लहान फंक्शने मोठ्या फंक्शनमध्ये मिसळून टाकतो, आणि काही ठिकाणी फंक्शनच्या शेवटची हाक साध्या उडीत बदलतो. अशा फंक्शनांचा परतीचा पत्ता चळतीवर मुळी उमटतच नाही. चौथी अडचण नव्या सुरक्षा-उपायांची. 64 बिटांच्या आर्म प्रोसेसरांवर परतीच्या पत्त्याच्या वरच्या बिटांत आता सांकेतिक सही भरता येते. हल्लेखोरापासून त्याने संरक्षण मिळते, पण ती सही बाजूला काढता न येणाऱ्या साधनाला तो पत्ता कर्नलमधला वाटतच नाही, आणि माग पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच संपतो.

येथे माझा मूळ मुद्दा येतो. माग मुळीच न मिळणे ही गैरसोय आहे. अपुरा माग मिळणे हा त्याहून मोठा धोका आहे, कारण तो पूर्ण असल्यासारखा दिसतो. पडद्यावर पाच नीटनेटक्या ओळी येतात. सहावी, सातवी आणि आठवी ओळ असायला हवी होती, हे त्या पाच ओळी सांगत नाहीत. समजा, एका चालक-प्रोग्रामने परत केलेल्या स्मृतीवर चुकून पुन्हा लिहिले. ती स्मृती पुढे दुसऱ्याच कामाला दिली गेली आणि कर्नल कोसळला तो स्मृतिवाटपाच्या फंक्शनमध्ये. तो चालक-प्रोग्राम त्याच हाकांच्या साखळीत वरच्या अंगाला असेल, पण अपुऱ्या मागात स्मृतिवाटपाचीच नावे दिसतील. मग कोणी म्हणेल स्मृतीच्या पट्ट्या बदला, कोणी म्हणेल कर्नलची आवृत्ती बदला. पट्ट्या बदलल्या जातील, आणि दोष तसाच राहून पंधरा दिवसांनी यंत्र पुन्हा कोसळेल.

मी जयपूरच्या दुर्गापुरा भागात राहतो. येथे राजस्थान कृषी अनुसंधान संस्था आहे, आणि गहू-जवाच्या ‘मोल्या’ रोगावर येथे दीर्घकाळ काम झाले आहे. या रोगात शेतात ठिकठिकाणी खुजी, पिवळट रोपे दिसतात. वरून पाहणाऱ्याला वाटते, नत्र कमी पडले किंवा पाणी कमी पडले. शेतकरी युरिया टाकतो, पण रोपे सुधारत नाहीत. कारण दोष मुळांत असतो. ‘हेटेरोडेरा अव्हेनी’ नावाचा सूत्रकृमी मुळांत शिरलेला असतो, आणि रोप उपटून मुळे धुऊन पाहिली तरच त्यांचा गुंता आणि त्यांवरचे बारीक पांढरे दाणे दिसतात. दुर्गापुऱ्यातून निघालेला ‘राज एमआर-1’ हा गव्हाचा मोल्या-प्रतिकारक वाण मुळांपर्यंत जाणाऱ्या अशा निदानाच्या पायावर उभा आहे. पानापाशी थांबलेले निदान केवळ अपुरे राहत नाही; ते शेतकऱ्याला चुकीच्या खर्चात घालते. संगणकाच्या अपुऱ्या मागाचेही तसेच आहे.

या दोषावर काम चालू आहे, आणि ते समाधानकारक आहे. ‘क्रॅश’च्या पोटात ‘जीडीबी’ हा प्रसिद्ध डीबगर प्रथमपासून बसवलेला आहे. मात्र वर्षानुवर्षे त्याचा उपयोग मुख्यतः नावे आणि रचना ओळखण्यापुरता होत असे. माग काढण्याचे काम ‘क्रॅश’ स्वतःच्या अडाख्यांनी करी. कारण प्रत्येक कामाची रजिस्टरे कोणत्या स्थितीत होती हे आतल्या डीबगरला ठाऊकच नसे. अलीकडच्या दुरुस्त्यांनी ही माहिती त्याच्यापर्यंत पोहोचवली. झोपलेल्या कामाची रजिस्टरे त्याच्या चळतीवर जतन असतात, चालू कामाची कोसळण्याच्या वेळच्या नोंदींत. ती हाती आल्यावर डीबगर कर्नलच्या डीबग-माहितीच्या आधारे स्वतः माग काढू शकतो, मिसळून गेलेली फंक्शनेही दाखवू शकतो, आणि शक्य तेथे स्थानिक चलांच्या किमतीही सांगू शकतो. एका चळतीवरून दुसऱ्या चळतीवर जाण्याची सोयही जोडली गेली. आर्मच्या सह्या काढून टाकण्यासाठी लागणारा मुखवटा कर्नल आता स्मृतिचित्राबरोबरच नोंदवून ठेवतो.

ही दुरुस्ती कधीच कायमची संपत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. कर्नल बदलतो, कंपायलर बदलतो, प्रोसेसर बदलतो. आणि प्रत्येक बदलानंतर माग कोठे तरी नव्याने तुटतो. तो पुन्हा जोडणारी माणसे जगभर थोडी आहेत.

त्यांच्या कामातील एक शिस्त विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहण्यासारखी आहे. लिनक्स कर्नल स्वतः माग छापतो तेव्हा ज्या पत्त्याची त्याला खात्री नसते, त्या नावाआधी तो प्रश्नचिन्ह घालतो. हे नाव चळतीवर सापडले, पण ते खरोखर या साखळीतले आहे की जुना अवशेष आहे हे मला ठरवता आले नाही, असा त्याचा अर्थ. चालू कर्नलमध्ये थेट दुरुस्ती करण्याच्या व्यवस्थेत तर नियम आणखी कडक आहे. तेथे एखादे काम जुन्या फंक्शनच्या आत अडकलेले नाही ना, हे मागावरून तपासावे लागते. माग विश्वसनीय नसेल तर ती व्यवस्था अंदाज करत नाही. चूक झाल्याचे कळवते आणि थांबते. आपल्या निष्कर्षांतील संशयाच्या जागा अशा उघड दाखवणे ही प्रामाणिकपणाची साधी रीत आहे, आणि ती आपल्या कित्येक अहवालांत आढळत नाही.

हे सारे तज्ज्ञांपुरते आहे असे कोणाला वाटत असेल, तर 19 जुलै 2024 आठवावा. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोसळले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. तपासात निष्पन्न झालेले कारण एका वाक्यात मावते: एका ठिकाणी 21 मूल्ये अपेक्षित होती आणि दिली जात होती 20; एकविसावे मूल्य वाचायला गेलेला कर्नल-स्तरावरचा प्रोग्राम हद्दीबाहेरची स्मृती वाचू लागला. मायक्रोसॉफ्टनेही कोसळण्याच्या नोंदी उघडून आपले विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि त्यातील मागाने त्या चालक-प्रोग्रामकडेच बोट दाखवले. तेथे प्रणाली वेगळी होती, पण पुराव्याची रीत हीच होती. माग त्या प्रोग्रामपर्यंत पोहोचलाच नसता, तर दोष विंडोजवर किंवा हार्डवेअरवर ढकलत किती दिवस गेले असते याची कल्पना करावी.

आता माझे मत स्पष्टपणे मांडतो. माग पूर्ण करणाऱ्या साधनांची दुरुस्ती हे वैज्ञानिक काम आहे, आणि आपल्या विद्यापीठांनी ते तसे मोजले पाहिजे. आज शोधनिबंध मोजला जातो, पेटंट मोजले जाते, महासंगणकावर केलेली गणना मोजली जाते. त्या महासंगणकाच्या शवविच्छेदनाच्या साधनातील वीस ओळींची अचूक दुरुस्ती, जी जगभरच्या अभियंत्यांनी तपासून स्वीकारली आहे, ती कोणत्याही रकान्यात बसत नाही. एम.टेक.च्या प्रबंधासाठी अशी मालिका पुरेशी मानली जावी. प्रणाली-विषयांच्या अभ्यासक्रमात निदान एक प्रात्यक्षिक कोसळलेल्या कर्नलच्या वाचनाचे असावे. आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या गणनकेंद्रांनी आपल्या यंत्रांच्या कोसळण्याच्या कारणांचे संक्षिप्त वृत्त वेळोवेळी प्रसिद्ध करावे.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला: यंत्र पुन्हा सुरू केले की काम भागते, मग एवढा खटाटोप कशाला? पुन्हा सुरू केल्याने काम भागते, पण दोष जातो असे नाही, आणि पुढच्या वेळी तो कोणत्या रात्री उगवेल हे आपल्या हाती राहत नाही. दुसरा: हे काम कंपन्या करतातच. करतात, आणि त्यांचे ऋण मान्य आहे. पण त्या आपल्या ग्राहकांच्या अडचणी आधी पाहणार, हे स्वाभाविक आहे. आपल्या प्रयोगशाळांत तयार होणाऱ्या प्रोसेसरांसाठी ही साधने आपल्यालाच जुळवावी लागतील. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्मृतिचित्रांत गुप्तशब्द, चाव्या आणि लोकांची खासगी माहिती असू शकते, म्हणून संस्था ती बाहेर देत नाहीत. ही सावधगिरी योग्यच आहे. परंतु वापरकर्त्यांच्या प्रोग्रामांची पाने गाळून केवळ कर्नलचा भाग ठेवणारे ‘मेकडम्पफाइल’ हे साधन उपलब्ध आहे. तरीही कर्नलच्या भागात काही गुप्त उरू शकते, म्हणून चित्र संस्थेतच राहावे आणि निष्कर्ष तेवढे बाहेर यावेत, हा मध्यम मार्ग मला पटतो.

या कामाला विज्ञान म्हणण्यास कोणी कचरत असेल, तर त्याने एकदा जयपूरच्या जंतरमंतरमध्ये फिरून यावे. सवाई जयसिंहांना पितळी यंत्रांच्या मोजणीवर समाधान नव्हते. ती आकाराने लहान, त्यांच्यावर बारीक भाग पाडता येत नाहीत, आणि त्यांचे आस झिजून केंद्र ढळते, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी दगड-चुन्याची भव्य यंत्रे उभारली. आकाशाविषयी वाद घालण्याआधी मोजणारे साधन दुरुस्त केले पाहिजे, हा विचार या शहरात तीनशे वर्षांपासून सर्वांच्या नजरेसमोर उभा आहे.

विद्यार्थी मित्रहो, सुरुवात करायला महासंगणक लागत नाही. आपल्या लॅपटॉपवर एक आभासी यंत्र उभारा, त्यात लिनक्स घाला, केडम्प सुरू करा आणि त्याच कर्नलची डीबग-माहिती उतरवून घ्या. कर्नल मुद्दाम कोसळवण्याची अधिकृत सोय लिनक्समध्येच आहे. ती फक्त या आभासी यंत्रातच वापरा. मिळालेले चित्र ‘क्रॅश’मध्ये उघडा, आधी त्याचा स्वतःचा माग काढा, मग आतल्या डीबगरचा, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. एकात असलेली आणि दुसऱ्यात नसलेली प्रत्येक ओळ का नाही, याचे उत्तर शोधा. काही ठिकाणी कारण कंपायलरचे निघेल, काही ठिकाणी दुसऱ्या चळतीचे. एखाद्या ठिकाणी ते साधनातल्या खऱ्या त्रुटीचे निघाले, तर ती नीट लिहून, पुन्हा घडवून दाखवता येईल अशा कृतीसह कळवा. दुरुस्ती लगेच जमली नाही तरी चालेल. त्रुटी नेमकी कोठे आहे हे सांगणे हेच निम्मे काम असते.

खिडकीबाहेर दुर्गापुऱ्यातील संशोधनाची शेते आहेत. यंदाच्या गव्हाला पाणी केव्हा द्यायचे हे राजस्थानातला शेतकरी ज्या अंदाजावरून ठरवील, तो दूर कोठल्यातरी यंत्रावर रात्री तयार होत असेल. ते यंत्र थांबले, तर का थांबले हे शेवटच्या ओळीपर्यंत वाचू शकणारे कोणीतरी आपल्यात असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

#विज्ञानवृत्त #लिनक्स #संगणकविज्ञान